‘जुना कोड वाचू नका, फेकून द्या’ म्हणणाऱ्यांना

नवी मुंबईतल्या महापे-ऐरोलीच्या ऑफिस ग्रुपांवर सध्या एक पोस्ट फिरतेय. तिचं म्हणणं असं: इफच्या (‘अमुक असेल तर तमुक कर’ अशा अटीच्या) आत इफ, त्याच्या आत आणखी इफ, असा सहा-सात पातळ्या खोल गेलेला कोड आळशी माणसानेच लिहिलेला असतो, तो वाचण्यात वेळ घालवू नये, नव्याने लिहिणं स्वस्त पडतं, फार तर अटी उलट्या करून सपाट करावा, आणि आता एआय आहे, त्यामुळे तेवढेही कष्ट नकोत. शिवाय मेलेला कोड, म्हणजे आता कधीच न चालणारा भाग, काढूनच टाकावा. ठाणे-बेलापूर रोडवर जुनी बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळून ज्यांचं घर चालतं, त्यांनीही ती हौसेने पुढे ढकललेली पाहिली, म्हणून हे लिहितोय.

‘आळशी माणसाने लिहिलेला.’ टाळ्या याच वाक्याला पडतात आणि सगळ्यात कच्चं हेच आहे. एमआयडीसीतल्या कितीतरी कारखान्यांची बिलं वर्षानुवर्षं व्हीबी सिक्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेवर निघाली, काही ठिकाणी आजही निघतात. त्या भाषेत दोन अटी ‘अँड’ने जोडल्या, तर पहिली खोटी ठरली तरी दुसरी तपासली जातेच. रेकॉर्डसेट, म्हणजे डेटाबेसमधून आणलेल्या ओळींचा संच, आहे का आणि त्यात ओळी आहेत का, हे एकाच ओळीत विचारलं आणि रेकॉर्डसेट ‘नथिंग’ (म्हणजे मुळात नाहीच) निघाला, की एरर ९१ आणि प्रोग्राम आडवा. म्हणून एक इफ बाहेर आणि दुसरा त्याच्या आत. पहिल्या अटीवरच थांबणारा ‘अँडऑल्सो’ मिळाला तो थेट डॉट नेटमध्ये, म्हणजे व्हीबी सिक्सनंतरच्या पिढीत. लूपमधली, म्हणजे एकेक ओळ घेऊन तेच काम पुन्हा करणाऱ्या भागातली, नको ती ओळ सोडून पुढे जायला ‘कंटिन्यू’सुद्धा नव्हतं. एक तर गोटू (कोडमध्ये भलत्याच ओळीवर उडी मारायचा हुकूम) लिहा, नाही तर उरलेलं सगळं इफच्या पोटात घाला. गोटूला डायक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाने १९६८ सालीच झोडपून ठेवलेलं, त्यामुळे शहाणी माणसं दुसरा मार्ग धरायची. आज आपण त्यालाच आळस म्हणतोय.

दुसरं कारण आपल्या गावातलंच आहे. अशा एखाद्या इनव्हॉइसच्या फंक्शनमध्ये तळाशी काय असतं? माल ठाण्यात उतरणार असेल तर जकात, नवी मुंबईत असेल तर उपकर. तारीख ते दोन्ही गेल्यानंतरची असेल तर एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर. १ ऑगस्ट २०१५ नंतरची असेल आणि उलाढाल ५० कोटींच्या आत असेल तर तोही नाही. १ जुलै २०१७ नंतर सगळंच जीएसटी. सरकारने एकामागून एक घेतलेले निर्णय कोडमध्ये एकमेकांच्या पोटात बसलेत. मुलुंड चेकनाक्यावरच्या ट्रकच्या रांगा ज्याने पाहिल्यात त्याला हे इफ चटकन कळतात. काल जॉइन झालेल्या पोराला कळणार नाहीत, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. त्याला कोणी तरी शेजारी बसवून सांगायला हवं, एवढंच.

‘नव्याने लिहिणं स्वस्त.’ नेटस्केप या कंपनीने १९९८ मध्ये आपला जुना ब्राउझर बाजूला ठेवून नवा लिहायला घेतला. पाचवी आवृत्ती कधी आलीच नाही. सहावी आली ती नोव्हेंबर २००० मध्ये, आणि मधल्या काळात मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने मैदान मारलं होतं. हे नेहमीचं उदाहरण झालं, त्यापेक्षा एक छोटं सांगतो. जुन्या कोडमध्ये कराच्या रकमेत अर्धा मिळवून ‘इंट’ घेतलेला, म्हणजे दशांश उडवून पूर्ण रुपये ठेवलेले दिसतात. दिसायला ओबडधोबड. नवा माणूस त्या जागी ‘राऊंड’ हे भाषेतलं तयार फंक्शन टाकतो. आता रक्कम १८४२.५० आली, तर व्हीबी सिक्सचा राऊंड देतो १८४२, कारण बरोबर मधोमध आलेली संख्या तो जवळच्या सम आकड्याकडे नेतो. डॉट नेट आणि पायथन या भाषेतही, वेगळं काही सांगितलं नाही तर, तेच होतं. जीएसटी कायद्याचं कलम १७० मात्र म्हणतं, पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया. म्हणजे १८४३. तो कुरूप अर्धा कोणी तरी अकाउंट्सच्या शिव्या खाऊन तिथे लिहिलेला असतो. कोरी फाइल उघडली की त्या शिव्या पुन्हा पहिल्यापासून खाव्या लागतात.

‘अटी उलट्या करून सपाट करा.’ हे मलाही आवडतं. चुकीच्या केसेस वरच्या वर परत पाठवल्या की खरं काम डाव्या कडेला सरकतं आणि डोळ्यांना आराम पडतो. पण ‘हजारपेक्षा जास्त’ उलटं केलं की ‘हजार किंवा कमी’ होतं, ‘हजारपेक्षा कमी’ नव्हे. बरोबर हजाराचं बिल इथेच सुटतं. जोडअट उलटताना अँडचा ऑर होतो, तो घाईत राहून जातो. आणि फंक्शनच्या शेवटी फाइल बंद करणारी, लॉक (दुसऱ्यांना तोवर थांबवून ठेवणारं कुलूप) सोडणारी ओळ आहे का ते आधी पाहा. मध्येच एक्झिट केलं की ती ओळ चालतच नाही. सकाळी सगळं ठीक असतं, दुपारी चार काउंटरवर एकदम बिलिंग अडतं, आणि कोणाला कारण सापडत नाही.

एआयबद्दल थोडक्यात. जुनं फंक्शन काय करतंय हे समजावून घ्यायला तो बरा आहे, मीही वापरतो. पण आपल्या गिऱ्हाइकाच्या डेटाबेसमध्ये २०१४ च्या अर्ध्या नोंदींत शहराचा रकाना रिकामा आहे, हे त्याला कोण सांगणार? त्याने दिलेला सपाट कोड घ्या, गेल्या काही महिन्यांची खरी बिलं जुन्या आणि नव्या दोन्हींतून काढा, आणि निकाल ओळीला ओळ लावून ताडा. फरक आला तर आधी जुनं बरोबर होतं असं धरून चाला.

पोस्टमधला एक मुद्दा मात्र मान्य: मेलेला कोड काढून टाकावा. फक्त तो मेलाय का हे वाचून ठरत नाही. जकातीच्या फांदीत, म्हणजे त्या इफच्या आत, कोड तिथे पोचला की नोंद करणारी लॉगची एक ओळ टाका, अकाउंट्सला जुन्या तारखेची क्रेडिट नोट अजून निघते का ते विचारा, आणि एक मार्चएंड जाऊ द्या. लॉग कोरा राहिला तर खुशाल उडवा. कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये ती राहतेच.