‘आधी शिवू द्या, पुरावे मग बघू’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पेशवाईतला दरबारी पोशाख शिवण्यावरच्या माझ्या लेखाचा तुम्ही चांगलाच समाचार घेतलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा हौसेचा मामला आहे, पीएचडी नव्हे, ‘कापड घेण्याआधी साधनांची वही घाला’ (म्हणजे कोणता तपशील कोणत्या चित्रातून वा कागदातून घेतला याची नोंद ठेवा) म्हटलं की नवखा माणूस पळून जातो, आणि पुरावा लागलाच तर नेटवर नंतरही सापडतो.

पहिल्या दोन मुद्द्यांवर भांडणार नाही. पाडव्याच्या शोभायात्रेत दोन-चार तास मिरवायचं असेल तर भाड्याचा अंगरखा आणि तयार पगडी पुरे. तिथे कुणी संदर्भ विचारत नाही, विचारूही नये. माझा लेख होता तो ‘तेव्हा असंच घालत’ असं लोकांना छातीठोकपणे सांगणाऱ्यांसाठी.

वाद आहे तो ‘नंतर सापडतो’ याच्याशी. नंतर चित्र सापडतं, त्याची कुंडली सापडेलच असं नाही. तुम्हीच दिलेलं उदाहरण घेऊ: सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबारात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट तह करतोय, ते प्रसिद्ध चित्र. तुम्ही ते ‘१७९० चा दरबार’ म्हणून पुढे केलंत. तह १७९० चाच. पण चित्र थॉमस डॅनियलने १८०५ साली इंग्लंडमध्ये रंगवलं, तेही जेम्स वेल्स या दुसऱ्या चित्रकाराच्या रेखाटनांवरून. हा वेल्स पुण्यात पोहोचला तह उरकल्यावर, आणि १७९५ मध्ये वारलासुद्धा. मग त्या दिवशी कुणाच्या अंगावर कोणत्या रंगाचा शेला होता, याला हे चित्र साक्षीदार कसं? पगडीच्या बांधणीसाठी मात्र मी ते जरूर बघेन, कारण वेल्सने पुण्यातली माणसं समोर बसवून काढली होती. वहीत मी एवढंच लिहितो: कोणी काढलं, कधी, कशावरून, मूळ कुठे आहे, आणि मी त्यातून नेमकं काय उचललं. चहा निवायच्या आत होतं. हेच चित्र मथळ्याशिवाय फोनमध्ये पडलं, की वर्षभराने ते नुसतं ‘पेशवे दरबार’ उरतं.

कागदांचं तर याहून अवघड. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदपत्रांतल्या निवडक पत्रांचे ४५ खंड १९३० ते ३४ च्या दरम्यान निघाले. हौशी मंडळी त्यातली वस्त्रांची एखादी यादी दिसली की तेवढ्याच ओळींचा फोटो काढतात. पत्रात तारीख असते ती ‘छ २१ साबान’ अशी: ‘छ’ म्हणजे चंद्र, चांद्र महिन्यातली तारीख, मग महिना, साल कित्येकदा नाहीच. असलंच तर सुहूर सन या तेव्हाच्या कालगणनेत, अरबी आकड्यांच्या शब्दांत, ‘सीत तिसैन मया व अलफ’. म्हणजे ११९६, त्यात महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळवायचे, की १७९५-९६ येतं. म्हणून आधी खंडाचं मुखपृष्ठ, मग पत्राचा क्रमांक आणि मथळा, मग हवी ती ओळ. फोटो दोनच जास्त लागतात.

आणि ‘मराठाकालीन’ नावाचं एकच फोल्डर करू नका, ही विनंती. अफजलखान भेटीच्या वेळच्या शिवाजी महाराजांच्या पोशाखाचं वर्णन सभासदाने आपल्या बखरीत केलंय, जरीची कुडती, मंदील (डोक्याला बांधायचं जरीचं वस्त्र), चोळणा (विजार). भेट १६५९ ची, बखर शतकाच्या अगदी शेवटाची. चिटणिसांची बखर तर एकोणिसाव्या शतकातली. या तिन्ही काळांना एका पंक्तीत बसवलं की शिवकालीन मावळ्याच्या डोक्यावर पेशवाई पगडी येते. दर मिरवणुकीत येतेच म्हणा.

आता ‘आधी’च का? जाम्याला, म्हणजे लांब दरबारी अंगरख्याला, कमरेखाली घेर लागतो, हातमागाच्या कापडाचा पन्हा (रुंदी) कमी, त्यामुळे किती मीटर घ्यायचं हे घेर ठरल्याशिवाय कळत नाही. आणि एकदा महागाचं कापड फाडलं की माणूस पुरावा शोधत नाही, वकील शोधतो. जे चित्र आपल्या शिलाईशी जुळेल तेच खरं वाटायला लागतं.

तरी पथकातल्या सगळ्यांनी वह्या घालाव्यात असं मी म्हणत नाही. एकाने घातली तरी चालेल, बाकीच्यांनी खुशाल शिवावं.

बाराबंदीच्या (बंदांनी बांधायच्या जुन्या सदऱ्याच्या) बंदांबद्दल विचारलंत, त्यावर वेगळं लिहितो. तुमच्या घरातल्या ज्या जुन्या फोटोचा उल्लेख केलात, तो पाठवलात तर बरं होईल. मागची बाजूही पाठवा. स्टुडिओचा शिक्का असला तर बहुधा तिथेच असेल.