15.2 हॅण्ड म्हणजे 60.8 इंच नव्हे

माळेगावच्या यात्रेतला घोडेबाजार जवळ आला की आमच्या नांदेड-लोहा भागात घोड्याच्या उंचीबद्दल व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो: 'हॅण्ड म्हणजे आपला हात. इंच काढायला 4 ने गुणा, 15.2 हॅण्ड म्हणजे 60.8 इंच. उंची कानाच्या टोकापर्यंत धरा.'

4 ने गुणायचं, एवढं खरं. बाकी सगळं चूक.

आपला हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे 18 इंच. त्या हिशेबानं 15 हातांचं घोडं साडेबावीस फूट भरेल! एवढा तर जिराफही नसतो. घोड्याची उंची मोजायचा हॅण्ड म्हणजे अंगठ्यासकट माणसाच्या पंजाची रुंदी. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या 1540 च्या कायद्यानं ती 4 इंच ठरवली.

खरा घोळ टिंबाचा आहे. ते दशांशचिन्ह नाही. क्रिकेटमध्ये 15.2 ओव्हर म्हणजे 15 ओव्हर आणि 2 चेंडू, तसं 15.2 हॅण्ड म्हणजे 15 हॅण्ड आणि वर 2 इंच. 15 चोक 60 आणि 2, झाले 62. टिंबापुढे 1, 2, 3 एवढंच येतं. चौथा इंच भरला की थेट 16. कुणी '15.5 हॅण्डची घोडी' म्हणाला, तर त्यानं 62 ला मोबाइलवर 4 ने भागलंय असं समजा. भागाकार शाळेतल्यासारखा करायचा: 15 वेळा भाग गेला, बाकी 2. बाकीच टिंबापुढे लिहायची. 63 इंच असेल तर 15.3.

पटत नसेल तर पोनीची, म्हणजे लहान चणीच्या घोड्याची, उंचीची मर्यादा बघा. ती 14.2 हॅण्ड. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हीच मर्यादा सेंटिमीटरमध्ये 148 आहे, नाल नसताना. 58 इंचांचे 147.32 सेंटिमीटर होतात, जुळतं. मेसेजच्या रीतीनं 56.8 इंच, म्हणजे 144 च्या आसपास. सौद्यात सव्वा इंचाचा फरक लई होतो, व्यापाऱ्याला विचारा.

आणि कानाचं म्हणाल, तर घोडं मान वर करील तसं महाग होईल! माप आयाळ संपते तिथल्या उंचवट्यापर्यंतच घेतात, सपाट जमिनीवर, चारही पाय सरळ ठेवून. नाल ठोकलेले असतील तर त्यांची जाडी धरली का, तेही विचारून घ्या.