मॉनिटर उभा की आडवा?

काल कट्ट्यावर मन्या येताच जाहीर करून मोकळा झाला, "मी मॉनिटर उभा केला. कोडच्या दुप्पट ओळी दिसतात राव!"

"दुप्पट नाही," आमचा डीटीपीवाला पक्या म्हणाला. "१९२० बाय १०८० पिक्सेलचा असेल तर पावणेदोन पट. फेकू नकोस."

दिन्या कर सल्लागाराकडे हिशेब बघतो. तो चिडलाच. "एप्रिल ते मार्च बारा रकाने, वर बेरजेचा तेरावा. उभ्या स्क्रीनवर सप्टेंबरनंतर सरकवत बसू?"

पक्याने पिशवीतून ए-फोर कागद काढून कट्ट्यावर ठेवला. चोवीस इंची स्क्रीन साधारण ५३ बाय ३० सेंटिमीटर. आडव्यावर अख्खं पान खऱ्या मापात बघायला गेलं की ३० सेंटिमीटर उंचीतली जागा वरचे टूलबार खातात. उभ्यावर तेच पान रुंदीभर पसरवा, थेट ए-थ्रीएवढं दिसतं, आणि तरी वर-खाली मिळून दहा सेंटिमीटर उरतात. हे गणित मला पटलं.

"पहिल्यापासून तसंच होतं," मन्याला जोर चढला. "१९७३ मध्ये झेरॉक्सने ऑल्टो नावाचा संगणक बनवला, त्याचा पडदा उभाच. ६०६ बाय ८०८."

"झेरॉक्स? चौकातलं?" दिन्याने विचारलं. चहा नाकातून यायचा राहिला.

पण खरी मजा पुढेच. पक्याने स्वतः मागे एक स्वस्तातला टीएन पॅनेलचा मॉनिटर उभा केला होता. त्यावर लग्नपत्रिका लावली, तर लाल रंग डाव्या डोळ्याला कुंकवासारखा, उजव्याला विटकरी! या पॅनेलचे रंग वरून-खालून बघताना बिघडतात. स्क्रीन फिरवली की तीच खोड डाव्या-उजव्या बाजूला येते, मग दोन डोळ्यांना दोन रंग. गिऱ्हाईक मागे उभं, हा एक डोळा मिटून रंग तपासतोय. कुठूनही बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा आयपीएस पॅनेलचा मॉनिटर घेतला तेव्हा सुटला.

"आणि मान?" मी विचारलं. अर्ध्या मीटरहून उंच पडदा, त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, म्हणजे स्टँड पार खाली घ्यावा लागतो. मन्या गप्प. त्याचा स्टँड खाली होतच नाही, म्हणून तोच खुर्चीवर दोन जाडे शब्दकोश ठेवून त्यावर बसतो, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं होतं.

"बाम लाव," दिन्या म्हणाला, "आडवा."


चहाचे पैसे मन्याने दिले.