लिलावाबाहेरच्या लहरी

६ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरून, म्हणजे वायफाय आणि मोबाइल दोघांनाही हव्या असलेल्या रेडिओ लहरींच्या एका भागावरून, भारतात चाललेला वाद मी इथे बर्लिनमध्ये बसून बारकाईने वाचते आहे. मे २०२५च्या मसुद्यात सरकारने ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा भाग वायफायसाठी विनापरवाना खुला करायचं ठरवलं. मोबाइल कंपन्यांना अख्खा पट्टा हवा, फुकट दिला तर सरकारचा लिलावाचा पैसा बुडतो, असं त्यांचं म्हणणं. वायफायवाले अमेरिकेकडे बोट दाखवतात. तिथे २०२० मध्येच १२०० मेगाहर्ट्झ खुले झाले.

मी वायफायवाल्यांच्या बाजूची आहे. पण मसुद्यातली सवलत मुख्यतः घरात, कमी शक्तीवर वापरण्यापुरती आहे. पुण्यातल्या फ्लॅटचं त्याने भलं होईल. डोंगरापलीकडच्या पाड्याचं काय?

जर्मनीने २०१९ मध्ये ५जीच्या लिलावातून साडेसहा अब्ज युरो मिळवले. तरी गाडीने बर्लिनबाहेर पडलं की आजही मधूनमधून रेंज जातेच. मात्र त्या लिलावातून ३७०० ते ३८०० मेगाहर्ट्झचा तुकडा मुद्दाम बाजूला ठेवला गेला. कारखाना असो, विद्यापीठ असो वा शेतकरी, आपल्या हद्दीपुरता परवाना मागायचा, क्षेत्रफळाच्या हिशोबाने शुल्क भरायचं आणि आपलं जाळं आपण उभारायचं. मोबाइल कंपन्यांना हे पटलं नव्हतं. नियामक संस्था मात्र आपल्या निर्णयावर ठाम राहिली.

आपल्याकडे हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. पालघरमधल्या खामलोली परिसरात आयआयटी मुंबईने टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवरून गावांना इंटरनेट पोचवून दाखवलं. कमी वारंवारतेच्या या लहरी झाडीतूनही लांबवर जातात, त्यामुळे अशा मुलखाला त्या सोयीच्या. प्रयोग जमला, पण त्या लहरी सर्वांना खुल्या झाल्या नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं.

एक इशाराही इथूनच द्यावासा वाटतो. जर्मनीत फ्रायफुंक या मोफत वायफायच्या चळवळीचे स्वयंसेवक छपरांवर राउटर बसवून शेजाऱ्यांना फुकट इंटरनेट देत होते, तेव्हा पाहुण्याने बेकायदा काही उतरवलं तर नोटीस यायची वायफायच्या मालकाला. लहरी खुल्या होत्या, तरी लोक भीतीने पासवर्ड लावत. २०१७ मध्ये कायदा बदलला, तेव्हा कुठे ही भीती सरली.

लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं. मग दूध संघाला, ग्रामपंचायतीला आपल्या शिवारापुरता परवाना अर्ज करून मिळायला हवा. ६४२५ मेगाहर्ट्झच्या वरचा भाग लिलावात काढण्याआधी त्यातला एक तुकडा यासाठी राखून ठेवा, अशी माझी मागणी आहे.