‘५० कोटी झाले, आता टॅली सोडा’ हा सल्ला का पटत नाही

उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे. थोडक्यात तो असा: उलाढाल ५० कोटींच्या पुढे गेली की टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) सोडा, कायद्यालाही ती आता चालत नाही. मोठी ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारी प्रणाली घ्या, जगातल्या उत्तम कंपन्यांच्या पद्धती तिच्यात तयारच असतात, त्या जशाच्या तशा उचला. सगळं एकाच दिवशी बदला. आणि क्लाउडवर गेलात की डेटाची काळजी मिटली. अशा सल्ल्यावर भरवसा ठेवून मधल्या आकाराची कंपनी आपली वर्षभराची कमाई पणाला लावू शकते, म्हणून एकेक विधान तपासून पाहायला हवं.

आधी कायद्याचं. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला एडिट लॉग, म्हणजे नोंदींत झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद, ठेवावा लागतो, आणि तो बंद करता येता कामा नये, हे खरं आहे. पण हा नियम २ कोटींच्या प्रायव्हेट लिमिटेडलाही तितकाच लागू आहे, आणि टॅलीची एडिट लॉग असलेली आवृत्ती मिळते. ई-इन्व्हॉइसची, म्हणजे सरकारी पोर्टलवर बिल नोंदवण्याची, मर्यादा १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या उलाढालीची आहे. टॅली सोडायला लावणारी ५० कोटींची रेषा यांपैकी कुठल्याच नियमात नाही.

मग बदलायचं कधी? माझ्या मते त्याचं उत्तर कारखान्याच्या स्टोअरमध्ये, म्हणजे मालाच्या कोठारात मिळतं, ताळेबंदात नाही. भोसरीतला एखादा मशिनिंगवाला घ्या. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून कास्टिंग येतं किलोवर आणि मशीनवर चढतं नगावर. त्यातलं काही प्लेटिंगला, काही हीट ट्रीटमेंटला बाहेर जातं. परत येताना काही नग रिजेक्ट झालेले असतात, काही पुढच्या चलनावर (मालासोबतच्या कागदावर) येतात. जीएसटीत जॉबवर्कला, म्हणजे असं काम बाहेरून करून घ्यायला गेलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो. नाही आला, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर आणि व्याज भरावं लागतं. म्हणजे प्रश्न असा की कुठल्या चलनावरचे किती नग कुणाकडे, किती दिवस पडले आहेत, हे कुणालाही न विचारता सांगता येतं का? ते स्टोअरकीपरच्या वहीत आणि तीन एक्सेल फायलींत विखुरलेलं असेल, तर २० कोटींच्या कंपनीलाही व्यवस्था बदलायला उशीर झालाय. याउलट एकाच गोदामातून खरेदी-विक्री करणारी ८० कोटींची ट्रेडिंग कंपनी टॅलीवर नीट चालू शकते. दोन-तीन प्लांट असतील, बॅचचा माग ग्राहकाला दाखवावा लागत असेल, तर ईआरपीची गरज खरीच आहे. त्याबद्दल माझा वाद नाही.

म्हणूनच डेमोला विक्रेत्याचा नमुना डेटा पाहू नका. आपलं सगळ्यात किचकट चलन द्या आणि ते आपल्याच स्टोअरकीपरला भरू द्या. त्याच्या हाताला ते बसलं नाही, तर संचालकांना डॅशबोर्ड कितीही आवडला तरी त्यातले आकडे खोटेच असणार.

‘पद्धती जशाच्या तशा उचला’ या विधानात अर्धं तथ्य आहे. जर्मनीतल्या लिडल या सुपरमार्केट साखळीने २०१८ मध्ये सॅप या ईआरपीवरचा आपला प्रकल्प सोडून दिला. तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याचं बातम्यांत आलं होतं. त्यातलं एक मोठं दुखणं साठ्याच्या मूल्यांकनाचं होतं: लिडल माल खरेदी किमतीने मोजत असे, सॉफ्टवेअरची मूळ रचना विक्री किमतीची. कंपनीने सवय सोडली नाही, सॉफ्टवेअर वाकवत राहिली. यातून ‘सवय सोडावी’ असा निष्कर्ष सरसकट निघत नाही. ज्या पद्धतीमुळे ग्राहक आपल्याकडे येतो ती जपायची, आणि निव्वळ जुनी म्हणून चाललेली सोडून द्यायची. ही निवड मालकाने करार करण्याआधी करायची असते. ती इम्प्लिमेंटेशन पार्टनरवर (ईआरपी बसवून देणाऱ्या कंपनीवर) सोपवली की बदलाचं बिल महिन्यागणिक वाढत जातं.

एकाच दिवशी सगळं बदलण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीला नव्या व्यवस्थेसाठी ४८ महिने सुचवले होते, तिने ते काम ३० महिन्यांत बसवलं आणि १९९९ च्या जुलैत, हॅलोवीनच्या ऑर्डरी येण्याच्या तोंडावर, ती सुरू केली. माल गोदामात होता, तरी सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचल्या नाहीत. आपल्याकडे हीच चूक दिवाळीच्या आधी किंवा मार्चच्या गर्दीत होऊ शकते. खात्यांची ओपनिंग बॅलन्स १ एप्रिलला घेणं सोयीचं, हे मान्य. पण आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या वस्तूंची मूळ यादी, आधी साफ करा. एकच बेअरिंग चार नावांनी नोंदलेलं असेल, तर नवी ईआरपीही ते चारदा खरेदी करायला लावेल. मग स्टोअर, मग खरेदी, आणि हिशेब शेवटी. मधले दोन-तीन महिने दोन्हीकडे नोंदी करण्याचा त्रास होतो, आणि तो घ्यावा. त्या काळात स्टोअरच्या माणसाला रोजच्या कामातून अर्धा दिवस तरी मोकळा करावा लागतो, हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.

क्लाउडबद्दल थोडंच. हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवण्याची जबाबदारी कंपनीची आहे, क्लाउडवर गेल्याने ती टळत नाही. करार संपला तर सगळा डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत हातात मिळेल, हे सही करण्याआधी लिहून घ्या.