‘पेनकिलर टाळा, सोसा’ : या मेसेजला मेडिकलच्या काउंटरवरून उत्तर

आठवडाभरात सांगलीतल्या आमच्या मेडिकलवर तिघांनी तोच मेसेज दाखवला. सकाळी ऑपरेशन होऊन संध्याकाळी घरी आलेल्यांना उपदेश आहे: पेनकिलर घेतली की टाके भरत नाहीत, किडनी जाते, आणि डॉक्टरांना फार विचारत बसू नका, पेशंटला काय कळतं!

टाक्यांचं आधी. सोसल्यानं टाके लवकर भरतात असं नाही, उलट अडचणच होते. हर्नियाच्या ऑपरेशनची जागा ठणकत असली की माणूस खोकायला भितो, उठत नाही, श्वासही अर्धाच घेतो. मग छातीत कफ साठतो, पायात रक्त गोठायचा धोका वाढतो. गोळी असते ती हिंडता-फिरता यावं म्हणून.

किडनीचं अर्धं खरं आहे, म्हणून तर ते पसरतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किडनी अधू असणाऱ्याला नकोच, अल्सरवाल्यालाही नको. पॅरासिटामॉलची जात वेगळी. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त 4 ग्रॅम, म्हणजे 650 मिलिग्रॅमच्या फार तर सहा गोळ्या. लिव्हरचा त्रास किंवा दारू असेल तर कमी. खरा घोळ होतो तो दोन पाकिटांत तेच औषध असल्यानं. अ‍ॅसिक्लोफिनॅक ही डायक्लोफिनॅकच्याच जातीची पेनकिलर; तिच्या जोडगोळीत (एकाच गोळीत दोन औषधं) बहुधा 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतंच, सर्दीच्या गोळीतही असतं.

आता ‘पेशंटला काय कळतं’. परवा तासगावकडचे एक बागायतदार मामा आले, हर्निया करून, मामींच्या आधारानं. चिठ्ठीवर डायक्लोफिनॅक. मी सहज विचारलं, मागं कधी गोळ्यांचा त्रास? मामी म्हणाल्या, “दोन वर्सामागं गुडघ्याच्या गोळ्या खाऊन काळी संडास झालेली की, रक्त चढवलं हुतं.” डॉक्टरांना सांगितलं? “कुणी इचारलंच न्हाई. आपण कशाला मधी बोलायचं?”

काळी संडास म्हणजे पोटात रक्तस्राव झालेला, अशाला डायक्लोफिनॅक नकोच. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तिथल्या तिथं गोळी बदलून पॅरासिटामॉल दिली, लागलीच तर वर ट्रॅमाडॉल, म्हणजे जास्त ताकदीची पेनकिलर. ट्रॅमाडॉलनं मळमळतं, पोट साफ होत नाही, हेही त्यांनी मामांना फोनवर सांगितलं. मामा म्हणाले, कुंथायला लागणार असंल तर ती नको, थोडं दुखलं तरी चालंल. डॉक्टर ‘बरं’ म्हणाले. हा निर्णय मामांशिवाय कोण घेणार होतं? हेच बोलणं डिस्चार्जआधी पाच मिनिटांत झालं असतं.

मामा मात्र खुशीत होते, “सुई दिलीया, काय दुखत न्हाई.” त्या सुईचा असर रात्री उतरणार, तेव्हा डॉक्टर घरी झोपलेले असणार. म्हणून पहिली गोळी दुखायच्या आधीच घ्यायची, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मी पाकिटावर पेनानं वेळा लिहून दिल्या.

मामींनी चष्मा लावून वाचलं. “म्हंजी धाला एक, पहाटं चारला एक, व्हय? मग गजर लावते.”