फोर्डसाहेबांचा कोळसा

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला उन्हाळ्यात परसात ग्रिल पेटवण्याचे कर्तव्य चुकवता येत नाही. मक्याची कणसे सोललेली असतात, पनीरला मसाला लागलेला असतो, पाहुणे संशय यावा इतक्या वेळेवर आलेले असतात, आणि ग्रिलमध्ये रचलेले कोळशाचे एकसारखे ठोकळे मात्र आगीशी आपला काही संबंध नाही अशा थाटात पडून असतात. एक काका कागदी थाळीने वारा घालतात. दुसरे काका, ज्यांनी आयुष्यात गॅसचीही शेगडी पेटवलेली नाही, कोळसा ओला असल्याचे निदान करतात. पेटवण्याचे द्रव आणखी ओतावे, अशीही सूचना येते. ती मानली तर कणसांना दुपारभर रॉकेलसारखा वास येतो.

या सक्तीच्या विश्रांतीत मी ठोकळ्यांचा इतिहास वाचून काढला. अशा ठोकळ्याचे पेटंट पेनसिल्व्हेनियातील एल्सवर्थ झ्वॉयर यांनी 1897 मध्ये घेतले होते. पण ते घरोघर पोहोचवले हेन्री फोर्ड यांनी. त्यांच्या मॉडेल टी मोटारीला लाकूडही बरेच लागत असे. म्हणून चुलतबहिणीचे यजमान एडवर्ड किंग्सफर्ड यांच्या मदतीने त्यांनी मिशिगनच्या उत्तर भागात जंगले विकत घेतली आणि आयर्न माउंटन येथे कारखाना उभारला. तेथे साचणारा भुसा व ढलप्या पाहून त्यांचा जीव कासावीस होई. ओरेगॉनचे रसायनज्ञ ऑरिन स्टॅफर्ड यांच्या पद्धतीने त्या टाकाऊ लाकडाचा कोळसा केला, तो दळून, स्टार्चमध्ये कालवून दाबला, आणि हे ठोकळे चक्क मोटारींच्या दुकानांतून विकले. पुढे 1951 मध्ये हा धंदा दुसऱ्यांकडे गेला आणि त्याला किंग्सफर्ड यांचे नाव मिळाले.

मला यातली एकच गोष्ट पचत नाही. ज्या गृहस्थांनी मोटारीची जुळणी साडेबारा तासांवरून 93 मिनिटांवर आणली, त्यांच्याच कारखान्यातून माणसाला इतके ताटकळत ठेवणारी वस्तू बाहेर पडावी! अर्थात कारण उघड आहे: भुकटी घट्ट दाबलेली असल्यामुळे आत हवा सहज शिरत नाही. शिवाय पुष्कळ ठोकळ्यांत चुनखडी घातलेली असते, कारण तिच्यामुळे राख पांढरी होते आणि कोळसा तयार झाल्याचे आपल्याला समजते. म्हणजे न जळणारा पदार्थ आपण पैसे मोजून आणतो, तो केवळ आपल्याला धीर यावा म्हणून.

खाली कागद पेटवून वर कोळसा भरण्याचे पत्र्याचे नळकांडे मिळते. त्याने काम वीसेक मिनिटांत होते. तोवर पाहुण्यांनी भेळ संपवलेली असते. मग कणसे भाजली जातात, पनीर थोडेसे करपते, ताटे उचलली जातात, आणि नेमके तेव्हा ठोकळे खरे तेजात येतात. आता ते तासभर तरी विझणार नाहीत, हे पाहून काकू विचारतात, "अहो, घरात भरताचं वांगं आहे का?"